भोर-वेल्ह्याचा डोंगर आणि उत्तर कोकणचा किनारा : सात दिवसांचा प्रवास

शेतकऱ्याने प्रवास करावा तो तीर्थासाठी किंवा सोयरिकीसाठी, अशी आपल्याकडील समजूत आहे. केवळ मुलूख पाहण्याकरिता घर सोडणे हे रिकाम्या माणसाचे काम, असे पुष्कळांस वाटते. परंतु आपली जमीन आपणांस नीट कळावी असे वाटत असेल, तर ती ज्या डोंगराच्या उतारावर आहे त्याचा माथा आणि तिच्यावरून गेलेल्या पाण्याचा शेवट, ही दोन्ही एकदा तरी डोळ्यांनी पाहावयास हवीत. या हेतूने गेल्या कार्तिकात, भाताची कापणी आटोपत आली असता, आम्ही तीन सभासद सात दिवस भोर व वेल्हे तालुक्यांतून निघून घाट उतरलो, उत्तर कोकणचा किनारा व तेथील रान पाहिले, आणि परत घाट चढून घरी आलो. त्या प्रवासाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हाच मार्ग का निवडला, हेही सांगितले पाहिजे. शंकराजी नारायण सचिव यांच्या घराण्याकडे १६९७ पासून चालत आलेले भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या संस्थानाचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. पैकी पहिले चार घाटावर, आणि पाचवा, ज्याचे ठाणे पाली, तो घाटाखाली कोकणात. म्हणजे घाटमाथा व तळकोकण एकाच दप्तरात नांदत होते. आज जिल्हे निराळे झाले. वेल्हे तालुक्यासही आता सरकारदरबारी राजगड हे नाव मिळाले आहे. परंतु डोंगर एकच आहे, आणि त्यावर पडणारा पाऊस जिल्ह्याची हद्द ओळखीत नाही.

आणखी एक खाजगी कारण होते. आम्हा तिघांपैकी एकाची वेल्ह्याच्या बाजूस वडिलोपार्जित जमीन आहे : थोडी भाताची खाचरे, आणि वर उतारावर वरकस व झाडी. शहरातील एका गिऱ्हाइकाने ती सबंध मागितली होती, आणि इसार घ्यावा की न घ्यावा हा विचार त्यांच्या मनात चालू होता. "आठ दिवस थांबा, फिरून येऊ, मग ठरवा," असे आम्हीच त्यांस म्हटले होते.

भाटघरचे पाणी

पहिल्या दिवशी भोरहून भाटघरास गेलो. वेळवंडी नदीवरील हे धरण १९२८ साली पुरे झाले. त्याच्या आधीचे लहान धरण एकोणिसाव्या शतकातील. ते पाण्याखाली घालून हे मोठे बांधले. कार्तिकातील ते भरलेले पाणी, त्यात उतरलेली डोंगराची सावली आणि काठाने पिवळी पडलेली भाते, हा देखावा पाहून कोणाही माणसाचे मन निवावे असा आहे. मात्र शेतकऱ्याची नजर पाण्यावरून कालव्याकडे जाते. हे पाणी नीरेच्या दोन्ही कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या कोरड्या मुलखात जाते, आणि तेथील ऊस त्यावर उभा आहे. ज्या गावांच्या खाचरांवर धरण उभे राहिले, ती माणसे मात्र काठावर वर सरकून वरकस जमिनीवर राहिली. वेल्ह्यातील पानशेत व वरसगाव येथेही असेच झाले. त्यांचे पाणी पुण्याकडे जाते. पानशेतचे धरण बांधकाम चालू असताच १२ जुलै १९६१ रोजी फुटून पुण्यात हाहाकार उडाला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे.

धरणे नकोत असे आमचे म्हणणे नाही. कालव्याखालच्या शेतकऱ्याने एवढे मात्र लक्षात ठेवावे की, त्याच्या पाटाचे उगमस्थान सिमेंटच्या भिंतीत नसून तिच्या मागील रानात आहे. तो उतार उघडा पडला की माती वाहते, ती धरणात बसते, आणि तितकी पाण्याची जागा कमी होते.

वेल्ह्याची खाचरे

दुसऱ्या दिवशी वेल्ह्यास पोहोचलो. समोर तोरणा. सुमारे १४०० मीटर उंचीचा हा गड पुणे जिल्ह्यातील गडांत सर्वांत उंच होय. प्रचंडगड हे नाव त्यास शोभते. पलीकडे राजगड, जो रायगडापूर्वी स्वराज्याची राजधानी होता आणि २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांत ज्याची गणना झाली. गडाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही पायथ्याच्या खाचरांविषयी लिहितो.

कापणी चालू होती. बहुतेक शेतांत इंद्रायणी भात दिसले. वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ व आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला आणि १९८७ साली दिलेला हा वाण मावळात घरोघर झाला, कारण त्यात जुन्या आंबेमोहराचा वास थोडा तरी राहिला आणि उतारा वाढला. खळ्यावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास आम्ही राबाविषयी विचारले. ते म्हणाले, "पाव्हणं, राब भाजल्याबिगर रोप जोमात येत न्हाई, असं आमचा बा म्हनायचा. पन आता टहाळ आनायला ऐन ऱ्हायलाय कुठं?"

या एका वाक्यात या मुलखाची अर्धी कथा आहे. रोपाच्या जागेवर ऐनाची टहाळी, पालापाचोळा, गवत व शेण पसरून ते उन्हाळ्यात भाजावयाचे, ही पद्धत आपल्या पूर्वजांनी विचारानेच काढली होती. तणाचे बी जळते आणि राखेचे खत होते. परंतु दरसाल टहाळी खुडल्याने ऐन खुरटतो, उतार उघडा पडतो, आणि राखेतून जो लाभ झाला त्याहून अधिक माती पहिल्या मोठ्या पावसात जाते. आज गादीवाफ्यावर न भाजता चांगले रोप करता येते. डॉ. ना. कृ. सावंत यांनी प्रसृत केलेल्या चारसूत्री लागवडीत भाताच्या तुसाची राख व पेंढा शेतातच परत द्यावयाचा, बांधावरील गिरिपुष्पाचा पाला चिखलणीपूर्वी गाडावयाचा, २५ व १५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतराने नेमकी लावणी करावयाची, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोचावयाच्या. यात रानातून काहीच आणावे लागत नाही; उलट बांधावर झाड वाढते.

त्या वाडीच्या वरच्या अंगास देवराई होती. आत शिरताच उन्हाचा चटका संपला. पायाखाली पाल्याचा मऊ थर, मोठाल्या वेली, आणि एका खडकाच्या कपारीतून करंगळीएवढी धार. "चैतात बी आटत न्हाई," असे बरोबरच्या मुलाने सांगितले. त्याच डोंगराच्या दुसऱ्या बाजूस, जेथे झाडी उरलेली नाही, तेथील वाडीस उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. घाटमाथ्यावर वर्षास ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इतके पाणी डोक्यावरून जाऊन वैशाखात घागर रिकामी राहावी, याचे कारण पावसात नाही, जमिनीत आहे. पाऊस थोपविणारे कोणी उरले नाही, म्हणजे तो चार महिन्यांत निघून जातो.

मढेघाट

तिसऱ्या दिवशी पहाटे वेल्ह्याहून भट्टी, पासली यांवरून केळदला आलो आणि तेथून पायी मढेघाट उतरलो. घाटमाथ्याच्या कड्यावर उभे राहिले असता खाली कोकण पसरलेले दिसते : दरीतून वर येणारे धुके, त्याखाली निळसर रान, आणि दूर पश्चिमेस जेथे आकाश व जमीन एक होते तेथे समुद्र असल्याचा भास. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठ्यास नेला, असे परंपरा सांगते. सडका होण्यापूर्वी या घाटवाटांनी बैलांचे तांडे चालत. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई आणि घाटावरचे धान्य खाली जाई. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरातील मीठ याच दगडांवरून आले असले पाहिजे.

उतरताना आमचे सभासद-मित्र एके ठिकाणी थांबले. पाठीमागे वर बोट करून म्हणाले, "आमच्या वरकसाचा माथा तो. तेथला ओहोळ पूर्वेस जातो; कड्याचे हे पाणी पश्चिमेस. चार कासऱ्यांचा फरक, आणि एक थेंब बंगालच्या उपसागरास मिळतो, तर दुसरा अरबी समुद्रास." त्यापुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

तळिये व खाजण

चौथ्या दिवशी बिरवाडीवरून महाडकडे जाताना वाट वाकडी करून तळिये गावाकडे गेलो. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत डोंगराचा कडा कोसळून या गावातील ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथे फार बोलवत नाही. दरड का कोसळली याची मीमांसा शास्त्रज्ञांनी करावी; इतक्या पावसापुढे घनदाट रानही टिकेलच असे म्हणवत नाही. परंतु उतारावर राहणाऱ्या प्रत्येक गावाने आपल्या माथ्यावर काय चालले आहे, भेगा पडल्या आहेत काय, कोणी सपाटीसाठी डोंगर कापीत आहे काय, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते काय, हे पाहत असावे, एवढा धडा तरी तेथून आम्ही घेतला. आपल्या भोर-वेल्ह्यात घरासाठी व रस्त्यासाठी उतार यंत्राने कापण्याचे काम अलीकडे सर्रास चालते, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

महाडहून म्हसळ्यास गेलो. तेथे खाडीकाठची खारजमीन पाहिली. भरतीचे पाणी बांधाने अडवावयाचे, उघडीने पावसाचे गोडे पाणी ओहोटीला सोडावयाचे, आणि जमिनीतले मीठ पावसाने धुऊन निघाले की खाऱ्यात तग धरणारे भात घ्यावयाचे, अशी ही शेती. घाटावरच्या शेतकऱ्यास तिचे मोठे नवल वाटते, कारण येथे एका माणसाचा बांध फुटला तर साऱ्यांचे शेत खारट होते. म्हणून पेण-अलिबागकडे पूर्वी बांधाची निगा सर्व शेतकरी मिळून करीत; त्या व्यवस्थेस 'जोळ' म्हणत. बांधाच्या बाहेर तिवरांची झाडी असेल तर लाटेचा मार तिवरे घेतात. ती तोडली तेथे बांध दरसाल फुटतो. वर ऐन आणि खाली तिवर : झाडे निराळी, काम एकच.

श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या

पाचव्या दिवशी श्रीवर्धनास आलो. समुद्र, वाळूचा लांबच लांब किनारा, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्यामागे लगेच डोंगर. श्रीवर्धनी रोठा सुपारीस मोठी मागणी असते. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले आणि चार तासांत दोन पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून भरीव उत्पन्नास सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे वादळानंतर लगेच लावलेली झाडे आता कोठे हाताशी येत आहेत.

एका वाडीत बागायतदाराने आम्हांस नवी लागवड दाखविली. केळीच्या सावलीत पोफळीची रोपे, कडेने नारळ. ते म्हणाले, "काका, झाडे पडली त्याचे दुःख होतेच. पण वाडी विकायला सांगणारे दुसऱ्याच आठवड्यात दारात आले, त्याचे जास्त वाटले. बाबांनी सांगितले, विहीर गोडी आहे तोवर वाडी आहे."

विहीर गोडी असणे म्हणजे काय, ते किनाऱ्यावरच कळते. येथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा फार झाला, किंवा मागच्या डोंगरातून झिरपणारे पाणी कमी झाले, की खालचे खारे पाणी वर चढते, आणि पोफळीची पाने करपतात. म्हणून वाडीचे मूळ समुद्रकाठी नसून मागच्या रानात आहे.

याच तालुक्यातील गाणी गावाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात वा. द. वर्तक व माधव गाडगीळ हे पुण्याचे दोन अभ्यासक देवरायांची पाहणी करीत होते. तेव्हा गाणीच्या लोकांनी त्यांस कळविले की, गावची देवराई तोडण्याकरिता खुणा झाल्या आहेत आणि तीच आमच्या ओढ्याचे उगमस्थान आहे. ती गेली तर गावचे पाणी जाईल. पुढे ती तोड थांबली. अक्षरे फारशी न शिकलेल्या त्या लोकांस डोंगर व पाणी यांचा संबंध पुस्तकातून शिकावा लागला नाही.

फणसाडचे रान

सहाव्या दिवशी दिवेआगरावरून दिघीस आलो, नावेने राजापुरीची खाडी ओलांडून आगरदांड्यास उतरलो, आणि मुरूडमार्गे फणसाडच्या रानात गेलो. नावेतून जंजिरा दिसतो. पाण्यातून उगवल्यासारखी ती तटबंदी पाहून जुन्या लोकांच्या बांधकामाचे कौतुक वाटते. फणसाडचे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबांच्या शिकारीसाठी राखलेले. १९८६ साली ते अभयारण्य झाले. शिकारीसाठी का होईना, ते राखले गेले म्हणून आज आहे.

रानात ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी अशी झाडी. गारंबीच्या वेली झाडावरून झाडावर गेलेल्या, आणि त्यांच्या शेंगा हातभर लांब. शेंड्यावरून शेकरू उडी मारताना दिसले. या रानातील पाणवठ्यांस 'गाण' म्हणतात, आणि प्रत्येक गाणीस स्वतःचे नाव आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असता भर रानात गोडे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकते, ही गोष्ट वेल्ह्याच्या देवराईतील त्या करंगळीएवढ्या धारेची आठवण देणारी होती.

पालीस मुक्काम व परतीचा घाट

रोह्यावरून पालीस आलो. बल्लाळेश्वराचे दर्शन घेतले. मागे सुधागड, ज्याचे जुने नाव भोरप. गडावर पंत सचिवांचा वाडा आजही उभा आहे. भोरच्या माणसास येथे परमुलखात आल्यासारखे वाटत नाही.

पालीस एका शेतकऱ्याकडे भाताच्या नव्या पद्धतीविषयी बोलणे निघाले. कर्जत तालुक्यात नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा भात तंत्र' सिद्ध केले आहे. त्यात गादीवाफे एकदा करावयाचे, बी टोकावयाचे, आणि नांगरणी, चिखलणी, लावणी ही तिन्ही टाळावयाची. कापणीनंतर धसकटे व मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची. राब अर्थातच लागत नाही. तणाचा बंदोबस्त वेळेवर न केल्यास मात्र फजिती होते, हे त्या शेतकऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले. मजूर मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या आपल्या सभासदांनी एखाद्या खाचरात हा प्रयोग करून पाहावा. सबंध शेत एकदम त्यावर लावू नये.

सातव्या दिवशी ताम्हिणीचा घाट चढून पौडवरून पुण्यास व तेथून भोरला परत आलो. मुळशीच्या खोऱ्यातून येताना दोन्ही हातांस तारेची कुंपणे व बंगल्यांची दारे दिसत होती. मुळशीच्या आंबेमोहरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तांदळास नाव मिळाले, आणि तो पिकविणारी खाचरे कुंपणाआड जात आहेत.

आमचे मत

जमीन विकू नये असा उपदेश करणे सोपे आहे. ज्याच्या घरी मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण किंवा म्हातारपणाचा आजार उभा आहे, त्यास तो उपदेश ऐकून राग यावा हे योग्यच. म्हणून आम्ही इतकेच म्हणतो : विकण्यापूर्वी आपल्या जमिनीतील कोणता तुकडा पाणी धरतो, हे पाहा. माथ्यावरची झाडी व ओहोळाचा उगम हा भाग कागदावर वरकस म्हणून सर्वांत हलका असतो. भाव मात्र आज त्यासच येतो, कारण तेथून देखावा चांगला दिसतो. तो गेला की खालची खाचरे पावसाच्या भरवशावर राहतात, आणि काही वर्षांत तीही विकावी लागतात.

राखलेल्या वरकसातून उत्पन्नही काढता येते. मेस बांबू वेल्ह्यास नवा नाही. मालकीच्या रानातील बांबू तोडण्यास व नेण्यास २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर पूर्वीची अडचण राहिलेली नाही. हिरडा, आंबा, फणस, जांभूळ ही झाडे उतार धरून ठेवतात आणि फळही देतात. मात्र इतर पुष्कळ झाडे तोडण्यास मालकीच्या जमिनीतही १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे विसरू नये. राबासाठी टहाळी खुडणे थांबवून बांधावर गिरिपुष्प लावणे, हे तर येत्या पावसाळ्यातच करता येईल. त्याच्या फांद्या जून महिन्यात सहज लागतात.

आमच्या सहप्रवाशांचे काय झाले, असे वाचक विचारतील. परत आल्यावर आठ दिवसांनी त्यांनी सडकेलगतचा दीड एकर तुकडा विकला, कारण त्यांस पैशाची निकड खरीच होती. गिऱ्हाइकाने वरचा डोंगर द्याल तर दुप्पट देतो असे सांगितले. त्यांनी तो दिला नाही. मोजणीच्या दिवशी ते आम्हांस म्हणाले, "खालचे शेत माझे होते, ते विकले. वरचे पाणी वाडीचे आहे. ते मी कसे विकू?"

पुढील कार्तिकात ज्या सभासदांस असा प्रवास करावयाचा असेल, त्यांनी आधी आपल्याच गावचा ओढा उगमापर्यंत चालत जाऊन पाहावा. तो एका दिवसाचा प्रवास आहे, आणि त्यास काही खर्च येत नाही.